वाळूवर चिखल, चिखलावर चुना

किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाताना समुद्रतळावरचा गाळ बदलत जातो. लाटांचा सतत मारा असतो तेथे वाळूच टिकते, बारीक चिखल संथ पाण्यापर्यंत वाहत जाऊन बसतो आणि जमिनीवरचा गाळ फारसा पोहोचत नाही अशा उबदार पाण्यात सागरी जीवांच्या कवचांचा चुना साचतो. समुद्राची पातळी वाढली की किनाऱ्याबरोबर हे तिन्ही पट्टे जमिनीच्या दिशेने सरकतात, आणि जेथे वाळू पडत होती तेथे तिच्यावर चिखल व पुढे चुना बसू लागतो. मध्ये खंड पडला नसेल, तर एकावर एक दिसणारे थर मुळात शेजारी-शेजारी साचलेले असतात, हे जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडले.

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये हा क्रम ठळकपणे दिसतो. तळाशी तिरप्या रेघांचा टेपीट्स वालुकाश्म, त्यावर ट्रायलोबाइटांचे (कठीण कवचाच्या, आता नामशेष झालेल्या सागरी जीवांचे) जीवाश्म असलेला हिरवट ब्राइट एंजल शेल (चिखलापासून बनलेला खडक) आणि त्याही वर मुआव चुनखडक, असे हे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. समुद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत गेल्यामुळे एकच वालुकाश्म पश्चिमेला जुना, तर पूर्वेला तुलनेने नवा आहे. सलग दिसणारा थर सगळीकडे एकाच वेळी साचला असेल, ही सहज होणारी समजूत येथे पार कोलमडते.

पातळी घटते तेव्हा उघड्या पडलेल्या तळावर नद्या दऱ्या कोरतात आणि आधी साचलेला गाळ वाहून जातो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हा नद्यांनी कोरलेल्या कित्येक दऱ्या आज समुद्राखाली गाळाने भरलेल्या सापडतात. खडकांमध्ये अशी झीज थरांमधल्या एका रेषेपुरतीच उरते. माझ्या मते थरांइतक्याच बारकाईने वाचायला हव्यात त्या याच रेषा, कारण बराचसा काळ त्यांतच गडप झालेला असतो.

तथापि, किनारा सरकला म्हणजे जगभरच्या समुद्राची पातळी बदललीच, असे नाही. जमीन खचली तरी समुद्र आत येतो. उलट, एखादी नदी भरपूर गाळ आणत असेल, तर पातळी वाढत असतानाही तिचा त्रिभुज प्रदेश समुद्राला मागे रेटतो. म्हणूनच पातळीतील जागतिक बदल ठरवताना दूरदूरच्या खंडांवरील समकालीन थर ताडून पाहावे लागतात.