खताचं गोदाम, तपासणी आणि तुमच्या घरातली पोती

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऐन पेरणीत कृषी खात्याचे निरीक्षक तपासणीला आले की दुकानातली विक्री थांबते आणि तुमचा खोळंबा होतो. "एवढं काय बघतात?" असं बरेच जण विचारतात. ते नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे निरीक्षक आमचा परवाना, भावफलक, साठा रजिस्टर आणि पावतीपुस्तक बघतात. पॉस मशीनवर, म्हणजे विक्रीची नोंद होते त्या यंत्रावर, चाळीस पोती शिल्लक आणि थप्पीत अडतीस निघाली, तर जाब आम्हाला द्यावा लागतो. म्हणूनच अंगठा लावल्याशिवाय आम्ही युरिया देत नाही, मग माणूस कितीही ओळखीचा असो. पुढे ते परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घेतात आणि शिवलेल्या पोत्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी घालून नमुना काढतात. नमुन्याचे तीन भाग जागेवरच सील होतात. एक प्रयोगशाळेत जातो, एक आमच्याकडे राहतो. युरियात ४६ टक्के नत्र भरतं का, हे त्यातून कळतं. तुमच्याकडे पक्की पावती असेल तरच तुमची तक्रार पुढे टिकते, तेव्हा ती मागून घ्या.

आम्हाला स्वतःला जास्त काळजी असते ती गोदामाची. अमेरिकेत टेक्सास राज्यात वेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथेही आमच्यासारखंच, शेतकऱ्यांना खत-बियाणं विकणारं एक केंद्र होतं. अमोनियम नायट्रेट हे स्फोट होऊ शकणारं खत लाकडी कप्प्यांत ठेवलेलं, बियाणं त्याच इमारतीत. १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी आग लागली आणि सुमारे वीस मिनिटांत स्फोट झाला. १५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला धावून आलेली. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने त्या जागेची शेवटची तपासणी केली होती १९८५ साली. निरीक्षक आले की आम्ही कुरकुर न करता दार उघडतो, ते यासाठी.

आपल्याकडे २०१२ च्या नियमांनुसार अमोनियम नायट्रेटला, आणि ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणालाही, वेगळा परवाना लागतो. तो देणाऱ्या 'पेसो'चं, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचं, मुख्यालय नागपूरलाच आहे. आम्ही तो माल ठेवत नाही. कृपया आग्रह करू नये. युरिया तसा स्फोटक नाही. तरीही आमच्या गोदामात बियाणं वेगळ्या खोलीत, डिझेलचा कॅन बाहेर आणि बिडी-सिगारेट फाटकापाशीच बंद.

आता तुमच्या घरचं. युरिया आणि विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एका खोलीत ठेवू नका. दोन्ही ओलसर होऊन एकत्र आली तर विषारी आणि स्फोट होऊ शकेल असा पदार्थ तयार होतो. अमोनियम सल्फेट किंवा डीएपी चुन्यात मिसळू नका. अमोनिया वायू सुटतो, डोळे-नाक झोंबतं आणि पैशाचं नत्र हवेत जातं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोठा. युरिया कालवलेली बादली गाई-म्हशींच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, आणि ती बादली पाणी पाजायला तर कधीच वापरू नका. पोटात युरियाचा अमोनिया होतो आणि विषबाधा फार झपाट्याने चढते. जनावर थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला, पोट फुगलं तर वाट बघत बसू नका. लगेच पशुवैद्यकांना किंवा १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि जनावराने युरिया खाल्लाय, हे पहिल्या वाक्यात सांगा.