अमायलेज नॉर्मल, तरी स्वादुपिंडाला सूज असू शकते

‘अमायलेज नॉर्मल, म्हणजे स्वादुपिंड ठीक’ हा समज घातक आहे. अमायलेज हे स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम; सूज आली की रक्तात वाढतं, पण ३ ते ५ दिवसांत उतरतं. लायपेज हे तिथलंच दुसरं एन्झाइम ८ ते १४ दिवस वाढलेलं राहतं. शेवभाजीच्या तिखटाला दोष देत चोपड्याकडे चार दिवस ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढले, की जळगावला पोहोचेपर्यंत अमायलेज उतरलेलं असू शकतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फार वाढून सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दुधासारखं पांढुरकं झालं, तरी अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. स्वादुपिंडाच्या जुनाट आजारात तर ग्रंथीच झिजलेली, एन्झाइम वाढणार कुठून?

तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान होतं: वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ, नॉर्मलच्या तिपटीहून जास्त एन्झाइम, स्कॅनमधली सूज. सोनोग्राफीत गॅस आडवा येतो. पुढे वाकल्यावर कळ हलकी वाटत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचाराच.