हरित ऊर्जा आणि बेळगाव सीमाभागातील संसाधनांचे राजकारण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांचा आणि त्यांच्या जवळपासच्या चंदगड, राधानगरी, सौंदत्ती या भागांचा एकत्र विचार केला, तर येथील खनिज, ऊस, पाणी, जंगल आणि जमीन देशाच्या ऊर्जाबदलात वेगवेगळ्या वाटांनी ओढली गेलेली दिसते. ही ओढाताण, तिच्यातून होणारी नफ्या-तोट्याची वाटणी आणि त्यावरून उभे राहणारे वाद हा या नोंदीचा विषय आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा पट्टा सीमावादासाठी ओळखला जातो. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तर महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ चा. भाषेच्या प्रश्नावर एवढे लिहिले-बोलले गेले असताना सीमेवरून काय वाहून नेले जाते, या प्रश्नाकडे मात्र दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

बॉक्साइट आणि ॲल्युमिना

सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्याचे सडे हे बॉक्साइटचे कोठार आहे. पावसाने लाखो वर्षे धुऊन सिलिका निघून जाते आणि ॲल्युमिनियमयुक्त थर मागे उरतो. बेळगावच्या पश्चिमेस बोकनूर-नावगे रांगेत असा साठा आहे. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाड आणि चंदगड भागातही बॉक्साइटच्या खाणी चालल्या. बेळगावलगत यमनापूर येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने (इंडाल) १९७० च्या सुमारास कारखाना सुरू केला, तो या कच्च्या मालाच्या भरवशावर. पुढे इंडाल हिंडाल्कोकडे गेली. येथे आज मुख्यत्वे विशेष प्रतीचा ॲल्युमिना (बॉक्साइट शुद्ध करून मिळणारी भुकटी, जिच्यापासून ॲल्युमिनियम गाळतात) तयार होतो. तो सिरॅमिक वस्तू, उष्णतारोधक विटा, रसायने यांसारख्या कामांना जातो.

धातू गाळण्याचा विभाग, म्हणजे स्मेल्टरही, सुरुवातीला येथेच होता. एक टन ॲल्युमिनियम गाळायला साधारण १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. शरावतीची स्वस्त जलविद्युत मिळत होती तोवर हे गणित जमले. पुढे वीजटंचाई आणि वीजकपात वाढल्यावर ते कोलमडले आणि स्मेल्टर बंद पडला. ॲल्युमिना शुद्धीकरण चालू राहिले, कारण त्याला तेवढी वीज लागत नाही. ऊर्जेच्या धोरणाने एका शहराचा उद्योग अर्धा कसा कापला, याचे हे उदाहरण बेळगावकरांच्या डोळ्यांसमोर आहे, तरी ते क्वचितच सांगितले जाते.

सौर पॅनेलच्या चौकटी, उच्चदाब वाहिन्यांच्या तारा, विजेवर चालणाऱ्या गाड्यांची हलकी अंगे या सगळ्यांना ॲल्युमिनियम लागते, म्हणून त्याची मागणी वाढतच जाणार आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एक टन ॲल्युमिन्यासाठी दोन ते तीन टन बॉक्साइट दाहक सोड्यात शिजवावे लागते आणि टनामागे साधारण टनभर ते दीड टन लाल गाळ उरतो. तो क्षारयुक्त असतो. त्याची साठवण पिढ्यानपिढ्या सांभाळावी लागते. ९ एप्रिल २०१९ रोजी झारखंडमधील मुरी येथे अशा गाळाचा ढिगारा कोसळला, तेव्हा हा धोका देशाला कळला. सिमेंट कारखान्यांना हा गाळ देऊन तो संपवण्याचे प्रयत्न होत आहेत. ते उपयोगाचे असले तरी सिमेंट ठरावीक प्रमाणातच गाळ घेऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

आता सीमेचा प्रश्न. खाण महाराष्ट्रात असेल तर स्वामित्वधन (रॉयल्टी) महाराष्ट्राला मिळते. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून खाणबाधित लोकांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी जमतो, तोही खाणीच्याच जिल्ह्यात. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नव्या लिलावाच्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जाते. शुद्धीकरण आणि गाळ मात्र बेळगावात. गाळाचा ढीग हा कायद्याच्या लेखी खाण नव्हे, त्यामुळे त्याच्या शेजारच्या गावांना त्या निधीतून हक्काने काही मागता येत नाही. ट्रकच्या धुळीतून जाणाऱ्या वाटेवरच्या वस्त्या तर दोन राज्यांच्या मधोमध अडकतात.

ऊस, इथेनॉल आणि चिपाड

बेळगाव जिल्हा कर्नाटकातील साखर कारखानदारीचा सर्वांत मोठा पट्टा आहे. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ ही सहकारातली परिचित नावे. उसाच्या चिपाडावर वीज तयार करून ती ग्रिडला (वीजवहनाच्या जाळ्याला) विकणे आणि मळीपासून वा थेट रसापासून इथेनॉल काढणे हे आता साखरेइतकेच महत्त्वाचे धंदे झाले आहेत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य आधी २०३० चे होते, ते केंद्र सरकारने २०२२ मध्ये ओढून २०२५-२६ वर आणले.

शेतकऱ्याचा आक्षेप साधा आहे. दर ठरतो तो साखरेच्या हिशेबाने, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) आणि एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) यांवर, आणि इथेनॉल व विजेचे उत्पन्न कारखान्याकडे राहते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधने आणली आणि कारखानदारांनी तोट्याची ओरड केली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बंधने उठली, तरी उसाचे बिल त्यामुळे आपोआप वाढले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे शेतकऱ्यांनी टनाला ३,५०० रुपये मागत रस्ता रोखून धरला आणि शेवटी ३,३०० रुपयांवर तडजोड झाली. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली केलेले आंदोलन ज्या पिढीने पाहिले, तिला हा रस्ता नवा नाही.

सीमा इथेही गंमत करते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ऊस राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ती मागे घेतली. ऊस ज्याचा दर बरा आणि काटा सरळ, तिकडे जातो. एकच शेतकरी कागदावर एका राज्याचा आणि मालाच्या बाबतीत दुसऱ्याचा, हे या भागाचे नेहमीचे चित्र आहे.

पाणी आणि साठवलेली वीज

मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नवीलतीर्थ धरणाच्या रेणुकासागरात अडते. कोल्हापूर-सांगलीकडून यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना हा जलाशय ठाऊक असतो. याच पाण्यावर सौंदत्तीचा उपसा-साठवण (पंप्ड स्टोरेज) प्रकल्प आखला गेला. त्याची मूळ नियोजित क्षमता १,२६० मेगावॉट होती. दिवसा सौर विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढल्यावर खाली सोडायचे, अशी ही योजना. चक्रात साधारण पाचवा हिस्सा वीज वाया जाते, पण सूर्य मावळल्यावर ग्रिड सांभाळायला सध्या यापेक्षा भरवशाचा मोठा उपाय नाही. पाणी फिरत राहते, संपत नाही, हा प्रकल्पाच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. बाष्पीभवन आणि पहिली भरती मात्र त्याच तुटीच्या जलाशयातून होते.

ही तूट भरून काढण्याच्या नावानेच गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचे पाणी मलप्रभेत वळवण्याची कळसा-भांडुरा योजना पुढे आली. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यात वळवायचे ३.९ टीएमसी, खोऱ्यातील वापराचे १.५ टीएमसी आणि ८.०२ टीएमसी चक्क जलविद्युतीसाठी. म्हादईच्या चर्चेत हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणीच ऐकू येते, पण आकडेवारी पाहता विजेचा वाटा निम्म्याहून मोठा आहे. कणकुंबी परिसरातील मराठी खेड्यांना या दोन्हींतून काय मिळणार, याचा हिशेब कोणत्याही बाजूने मांडलेला नाही.

वाहिन्या आणि जंगल

धारवाडजवळच्या नरेंद्रपासून गोव्यातील शेल्डेपर्यंतची ४०० केव्हीची (किलोव्होल्ट) वीजवाहिनी पश्चिम घाटाच्या जंगलातून आखलेली आहे. ती ज्या गोवा-तमनार प्रकल्पाचा भाग आहे, त्यातील तमनार हे छत्तीसगडमधील कोळशाच्या विजेचे केंद्र. गोव्यात मोले परिसरातील झाडांसाठी २०२० पासून आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जुन्या २२० केव्ही वाहिनीच्या वाटेने नवी वाहिनी नेण्याची शिफारस केली. कर्नाटकाने आपल्या बाजूच्या जंगलतोडीचे कारण देत परवानगी रोखली आणि पुढे म्हादईचा प्रश्न या वाहिनीशी उघडपणे जोडला. एकाचे पाणी आणि दुसऱ्याची वीज अशी ही देवघेवीची भाषा आहे आणि तिच्यात वाटेवरच्या गावांना जागा नाही. लोंढ्यावरून बळ्ळारीच्या पोलाद कारखान्यांना मार्मागोव्याचा कोळसा जातो, त्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणालाही कॅसलरॉक-कुळे टप्प्यात हाच विरोध झाला. त्याची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य (२०११) याच जंगलात आहे. आतल्या वाड्यांना रस्ता आणि विजेची अडचण असून पुनर्वसनाची बोलणी चालू आहेत. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. त्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होते, पैकी २०,६६८ कर्नाटकात. मसुद्यात खाणकाम, दगडखाणी आणि प्रदूषक उद्योगांवर बंदी आहे. शेती करण्यावर ती नाही, तरीही गावसभांमध्ये घर बांधता येणार नाही अशी भीती पसरली. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने मसुदा नाकारला. सड्यांवरच्या बॉक्साइटचे पुढे काय होणार, हे या अधिसूचनेच्या अंतिम रूपावर बरेचसे अवलंबून आहे.