पहाटे उठणारं पित्त आणि शेगडीवरचं मटण

थंडी पडली की नाशिककरांच्या शेगड्या गंगापूर धरणाकडच्या मळ्यांत आणि गच्च्यांवर पेटतात. रात्री नऊला मटण खाल्लं आणि एक-दोन वाजता अंगभर पित्त उठलं, की दोष मसाल्याला, गारठ्याला, नाहीतर दृष्टीला जातो. मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात वेळ घालवू नका. हा अल्फा-गॅल सिंड्रोम, म्हणजे मांसातल्या एका शर्करेची अ‍ॅलर्जी असू शकते.

अल्फा-गॅल ही शर्करा. शेळी, गाय, डुक्कर यांच्या मांसात असते, माणसात नसते. अमेरिकेत ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावली की ही शर्करा अंगात शिरते आणि शरीर तिच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (अ‍ॅलर्जी घडवणारी प्रथिनं) तयार करतं. २००८ साली सेटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाची रिअ‍ॅक्शन तपासताना ही प्रतिपिंडं सापडली.

पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी मिनिटांत दिसते, मग इथं दोन ते सहा तास का? सर्वांत पटणारं उत्तर चरबीत आहे. मांसातल्या चरबीच्या काही रेणूंना ही शर्करा चिकटलेली असते. पचलेली चरबी थेट रक्तात जात नाही. आतड्याच्या पेशी तिचे कायलोमायक्रॉन नावाचे बारीक गोळे बांधतात, ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या मुळाशी शिरेत उतरतात. या फेऱ्याला तास लागतात. म्हणून चरबीदार चाप जास्त बाधतो. आणि ‘कोळशावर नीट भाजलं की चालतं’ हे साफ चूक: आचेनं प्रथिनांची घडी उलगडते, ही शर्करा मात्र टिकते.

घरात असा रुग्ण असेल तर चिकन, मासे, मका, वांगी चालतात, पण जाळी स्वतंत्र हवी. एकच असेल तर गरम पाण्यात साबणानं घासून आधी त्याचं भाजा, मटण शेवटी. सळया, चिमटा, तेलाचा ब्रश वेगळे. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. मॅरिनेशनला लिंबू, आलं-लसूण, शेंगदाण्याचं तेल; काहींना दूध-तूपही बाधतं, म्हणून दही, पनीर, लोणी डॉक्टरांना विचारूनच. चिकन सॉसेजचं वेष्टन डुकराच्या किंवा मेंढीच्या आतड्याचं असू शकतं, वेष्टनावरची यादी वाचा. मटण खाऊन वर वाइन घेतली तर रिअ‍ॅक्शन वाढू शकते, आणि नाशिकमध्ये हा बेत नेहमीचाच.

निदान रक्तातल्या अल्फा-गॅल आयजीई चाचणीनं आणि खाण्याच्या नोंदीवरून होतं. श्वास अडकला, घसा सुजला, चक्कर आली तर पित्ताच्या गोळीवर थांबू नका. डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीत द्या आणि १०८ ला फोन लावा.