गोव्याचा खाणपट्टा आणि तिथलं गावजीवन

खाण म्हटलं की अनेकांना कोळसा आठवतो, पण गोव्यात कोळशाची एकही खाण नाही. इथल्या खाणी लोहखनिजाच्या, थोड्या मँगनीजच्या, आणि त्या उघड्या, म्हणजे डोंगर वरून कापत कापत खाली उतरायचं. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतून हा पट्टा जातो. कोळसा येतो तो बाहेरून, जहाजाने मुरगाव बंदरात, आणि तिथून रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना. त्याची काळी पूड बंदराशेजारचे वास्कोवाले वर्षानुवर्षं झेलतायत, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्री रुळांवर जाऊन बसले ते याच कोळशापायी. पण गावाचं रोजचं जगणं जर कुठल्या खाणीने बदललं असेल तर ते या लाल मातीच्या.

पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने कायमचे देऊन टाकले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी खनिज हवं झालं आणि १९५० च्या दशकात धंदा एकदम वाढला. सुरुवातीला बायामाणसं डोक्यावरून पाट्या वाहायची, यंत्रं मागाहून आली. खाणीतून ट्रक नदीकाठच्या जेटीवर, तिथून मांडवी नाहीतर जुवारी नदीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, मुरगावला, ही साखळी तेव्हापासूनची. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि त्यांच्याच काळात खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघाल्या, कुळकायदा आला, त्यामुळे इथल्या बहुजन घरांत खाणीबद्दल राग असला तरी तो कधी सरळसोट नव्हता.

पुढे चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. या तेजीत ज्याला जमेल त्याने बँकेचं कर्ज काढून खनिज वाहायचा टिपर ट्रक घेतला, शेत पडीक टाकलं, कुणी गॅरेज काढलं, कुणी चहा-भजीचं हॉटेल. पावसात खाण बंद, दसऱ्याच्या आसपास परत चालू, गावाचं वर्ष यावरच चालायचं, लग्नं, घराची दुरुस्ती, मुलांची फी सगळं सीझनच्या पैशावर. एकाच घरात थोरला ट्रकमालक आणि धाकटा धुळीविरुद्ध मोर्चात, असंही असायचं, आणि रात्री दोघं एकाच पानाला बसायचे. खाण समर्थक आणि खाण विरोधक असे दोन स्वच्छ गट बाहेरून दिसतात, गावात ते कधीच नव्हते.

सगळ्यात मोठा घाव पाण्यावर बसला. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो, त्याचे डंप डोंगराएवढे झाले, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती माती वाहत खालच्या भातशेतीत उतरते. लाल गाळ बसून सुकला की वरचा थर विटेसारखा कडक होतो, नांगर लागत नाही. शिवाय खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसलं, आणि आजूबाजूच्या विहिरी, झरी आटल्या. डिचोलीतलं शिरगाव याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. ज्या गावाला झरीचं पाणी मुबलक होतं त्या गावाला टँकरची वाट बघायची वेळ आली. कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळीच्या बागा असलेल्यांना, तर हे फार जड गेलं, कारण पोफळीला बारमाही पाट लागतो आणि सुकलेली बाग परत उभी करायला अर्धं आयुष्य जातं.

याच शिरगावात देवी लईराईची जत्रा भरते, वैशाख शुद्ध पंचमीला. सोवळं पाळणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रत घेतलेले भक्त, हातात वेताची काठी घेऊन तळीवर आंघोळ करतात आणि पहाटे होमकुंडातून चालत जातात. पाण्यावाचून हे व्रत होत नाही, म्हणून तळी-झरीचा प्रश्न तिथे देवीचाही प्रश्न आहे. केप्यातल्या कावरे भागात वेळीप हा आदिवासी समाज ज्या डोंगराला देव मानतो त्यावरच खाण आली.

चवथीची माटोळी घ्या. गणपतीच्या वर टांगायला कांगलां, कवंडळ, घागऱ्यो, माट्टुलां ही रानफळं रानातूनच आणायची असतात. डोंगर कापला गेल्यावर ती शोधायला लांब जावं लागतं किंवा बाजारातून विकत आणावी लागतात, आणि मुलांना कुठल्या झाडावर काय मिळतं तेच कळेनासं होतं. ही यादी कुठल्याच नुकसानभरपाईत येत नाही. दुसऱ्या बाजूने खाणीचा पैसा देवळाच्या जीर्णोद्धारात, शिगम्याच्या रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, जत्रेतल्या मराठी नाटकात ओतला गेला हेही खरं, नाटकाच्या पडद्याचा आणि लाइटचा खर्च ट्रकवाल्यांनीच उचलायचा ही कितीतरी गावांची रीत.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली, शिवाय विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायचं ठरलं. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये परत सगळं ठप्प. अंगणात ताडपत्री घालून उभे टिपर, टायरांतून उगवलेलं गवत, आणि दारात बँकेची नोटीस, खाणपट्ट्यातल्या घराघराचं चित्र हेच होतं. काही जण शेतीकडे परतले, पण गाळाने भरलेलं शेत लगेच पीक देत नाही. बंदीचा विजय मानणाऱ्यांनी या घरांकडे फारसं बघितलं नाही असं माझं मत आहे, आणि खाण परत सुरू करा म्हणणाऱ्यांनी सत्तरीतल्या सोनशीकडे बघितलं नाही, तिथे २०१७ साली धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले म्हणून गावकऱ्यांना, बायकांसकट, तुरुंगात जावं लागलं होतं.

२०२२ पासून खाणींच्या नव्या ब्लॉकचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन परत चालू झालं. त्याच वर्षाच्या शेवटी पिळगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून जाणारी खनिज वाहतूक अडवली. शिरगाव, मये आणि पिळगावची मागणी आहे की घरं, देवळं, शाळा आणि तळी लीजच्या हद्दीतून आधी वगळा.