चंद्रपूरच्या उन्हात हिमनदीचे ओरखडे

चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. याच जिल्ह्यात, वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळ इरई गावापाशी, चुनखडकाचा एक घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग आहे. त्यावर समांतर ओरखडे आहेत आणि लगतच्या थरात लहानमोठे, नाना जातींचे गोटे बारीक मातीत रुतून बसलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७०च्या दशकात याची नोंद केली. हे काम हिमनदीचं, तळाशी दगडधोंडे धरून खडकावरून सरकत गेलेल्या बर्फाचं. काळ साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचा.

विदर्भात बर्फ? तेव्हा सगळी पृथ्वीच गारठली होती म्हणावं, तर त्याच सुमारास युरोप आणि उत्तर अमेरिकेत विषुववृत्तीय दलदलीची घनदाट जंगलं होती. शिवाय असेच ओरखडे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्येही सापडले. ब्राझीलचं कोडं तर आणखी अवघड होतं. तिथल्या खुणा वाचल्या, तर बर्फ पूर्वेकडून, म्हणजे आज जिथे अटलांटिक महासागर आहे तिकडून जमिनीवर चढून आला असं दिसतं. हिमनदी समुद्राकडे जाते, समुद्रातून वर येत नाही.

उत्तर दिलं ते एका हवामानशास्त्रज्ञाने. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलं की खंड जागचे हलले आहेत. एकेकाळी ते सगळे एकत्र होते. हाच पँजिया. त्याचा दक्षिण भाग गोंडवन, हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून आलेलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया जुळवून दक्षिण ध्रुवाभोवती मांडले की कोडं सुटतं. बर्फ समुद्रातून आलाच नव्हता, तो आफ्रिकेतून चालत ब्राझीलमध्ये गेला होता.

बर्फ वितळल्यावर त्या जमिनीवर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं वाढली. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा, म्हणजे बल्लारपूर आणि वणीकडच्या खाणींतला, त्याच गोंडवन काळातला. दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. जीव जायची वेळ आली तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. सालही तेच, १९१२.

तरीही बहुतेक भूवैज्ञानिकांनी वेगेनरना धुडकावलं. या गोष्टीत विरोधकांना नेहमी मूर्ख ठरवलं जातं, ते मला पटत नाही. खंड कशाने सरकतात, या प्रश्नावर वेगेनरनी सुचवलेली बलं खरोखरच फार दुबळी होती, आणि आक्षेप त्यावर होता. वेगेनर १९३०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले, तेव्हा हा प्रश्न तसाच होता.

पुराव्याचा पुढचा मोठा तुकडा पुन्हा आपल्याकडचाच. लाव्हा थिजून थंड होताना त्यातल्या चुंबकीय कणांचं चुंबकत्व तेव्हाच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने ठरतं आणि तसंच राहतं, होकायंत्राची सुई गोठवून ठेवावी तसं. त्या सुईचा कल मोजला की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५०च्या दशकात दख्खनच्या काळ्या पाषाणावर ही मोजणी झाली. उत्तर आलं: दक्षिण गोलार्ध. म्हणजे सह्याद्रीचा कातळ विषुववृत्ताच्या खाली तयार झाला आणि नंतर इथवर आला. मग १९६०च्या दशकात सागरतळाचा उलगडा झाला. समुद्रातल्या पर्वतरांगांपाशी नवा तळ सतत तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि खंड भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कडक बाह्य थराच्या प्रचंड तुकड्यांचा, भाग म्हणून वाहून नेले जातात.

पँजिया सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी फाटू लागला. भारत अंटार्क्टिकापासून सुटला, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे पडलं. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबासारखे खडक त्याच फाटाफुटीतले. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा तुटला. आपला पश्चिम किनारा हा त्या तुटीचाच काठ. भारत तेव्हा वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास वेगाने धावत होता, आणि भूपट्टांच्या जगात हा वेग प्रचंड. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, हिमालय वर आला.

एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो, की खंड पँजियातून ‘जन्मले’. तसं नाही. कर्नाटकातल्या धारवाड भागातले काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि पँजियाच्या आधीही रोडिनियासारखे महाखंड जुळून फुटले होते. पँजिया ही फक्त अलीकडची जुळणी.

टक्कर अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. त्याचा ताण हिमालयातच राहत नाही, द्वीपकल्पाच्या पोटातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाचं कारण शोधताना शास्त्रज्ञ याच ताणाकडे बोट दाखवतात.