सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतंय कशानं?

‘भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका.’ ओटीपोटाच्या सोनोग्राफीची सुरुवात बहुधा या सूचनेनं होते. तासभर कळ काढत बसायचं, त्यात आपला नंबर मागे! पण ही शिक्षा विनाकारण नसते. ही तपासणी ध्वनिलहरींवर चालते, आणि त्यांना हवेचं वावडं असतं. आतड्यांतल्या वायूवर आदळल्या की त्या तिथूनच परत फिरतात. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं, आणि त्या पाण्यातून पलीकडचं गर्भाशय स्वच्छ दिसतं. पोटावर गार जेल फासतात तेही प्रोब (लहरी सोडणारं, हातात धरायचं उपकरण) आणि त्वचा यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणूनच.

योनीमार्गातून केलेल्या तपासणीत मात्र मूत्राशय रिकामं लागतं. इथे प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात. पोटावरून साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झ, आतून ५ ते ९. कंपनसंख्या वाढली की बारकावे दिसतात, पण लहर लवकर विरते. लांबचंही पाहायचं आणि बारीकही पाहायचं, हे एकदम जमत नाही.

इयान डोनाल्ड या ग्लासगोच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर प्रयोग सुरू केले आणि १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह पोटातल्या गाठींवरचा शोधनिबंध छापला. गाठ भरीव आहे की पाण्यानं भरलेली, हा भेद तेव्हापासून सोनोग्राफीचा हातखंडा आहे. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ, किती मोठा, कुठे रुतलेला, गर्भाशयाच्या पोकळीत डोकावतोय का, हे ती छान सांगते. पाळी कायमची गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर त्या रक्तस्रावामागे कर्करोग असण्याची शक्यता फारच थोडी. तरीही रक्त पुन्हा जात राहिलं, तर अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो.

खरी गडबड होते ती रिपोर्ट घरी आल्यावर. ‘उजव्या अंडाशयात २२ मिलिमीटरची सिस्ट’, म्हणजे पाण्यानं भरलेली गाठ, असं वाचून झोप उडते. पण तपासणी पाळीच्या बाराव्या दिवशी झाली असेल, तर ती ‘सिस्ट’ म्हणजे बहुधा दोन-तीन दिवसांत फुटून बीज बाहेर सोडणारी पुटिकाच. दर महिन्याचं नेहमीचं काम, फक्त यावेळी कुणी त्याचा फोटो काढला एवढंच. पाळी चालू असलेल्या वयात पातळ भिंतीच्या, आत नुसतं पाणी असलेल्या बऱ्याचशा सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात.

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे ‘अनेक सिस्ट असलेलं अंडाशय’) नावच फसवं आहे. त्यात दिसतात त्या सिस्ट नव्हेत, वाढ अर्धवट राहिलेल्या छोट्या पुटिका. नुसत्या त्या दिसल्या म्हणून निदान होत नाही. अनियमित पाळी किंवा पुरुषी संप्रेरकांची वाढ यांची जोड लागते. पाळी सुरू होऊन ८ वर्षंही झाली नाहीत अशा मुलींत तर त्यासाठी सोनोग्राफी करूच नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या वयात अशा पुटिका निरोगी मुलींमध्येही सर्रास दिसतात.

आता उलटी बाजू. पाळीत दर महिन्याला गडाबडा लोळणाऱ्या मुलीला ‘सोनोग्राफी तर नॉर्मल आहे’ असं सांगून घरी पाठवतात, तेव्हा मला राग येतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजारात, अंडाशयात जुन्या रक्ताची चॉकलेट सिस्ट झाली असेल, तर ती दिसते. सरावलेल्या हाताला खोलवर रुतलेल्या गाठीही सापडतात. पण पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले पातळ डाग? ते दिसत नाहीत. त्यांना जाडीच नसते. मॉनिटरवर नाही म्हणजे पोटात नाही, असा हिशेब इथे चुकतो. निरोगी बीजवाहिन्याही सहसा दिसत नाहीत. पीळ पडलेल्या अंडाशयात डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह चालू दिसू शकतो. म्हणून अचानक उठलेल्या असह्य कळेपुढे एकट्या रिपोर्टवर विसंबत नाहीत.

मग काहीही त्रास नसताना दरवर्षी करून ठेवावी का? ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर हे तपासून पाहिलं. पाळी गेलेल्या या स्त्रियांपैकी एका गटाची दरवर्षी सोनोग्राफी झाली, दुसऱ्याची आधी रक्ततपासणी, आणि तिसऱ्याची यातली कुठलीच नाही. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या कोणत्याच गटात घटले नव्हते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्थाही सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही चाचणीच हवी.

सोनोग्राफीआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. बऱ्याच जणी ती अंदाजे ठोकून देतात. त्या २२ मिलिमीटरला पुटिका म्हणायचं की सिस्ट, हे मात्र बरंचसं त्याच तारखेवर ठरतं.